जुन्या नावांचा नकाशा

१८ जून, कस्टर (साउथ डकोटा)

पहाटे डेन्व्हरहून निघालेली आमची बस दुपारी कस्टर या गावी पोहोचली. मराठी मंडळाच्या युवा गटातील पंधरा ते अठरा वर्षांची एकतीस मुले-मुली आणि त्यांच्यासोबत आम्ही चार मोठी माणसे, असा हा आठ दिवसांचा प्रवास आहे. कोलोरॅडो, वायोमिंग, साउथ डकोटा आणि मॉन्टॅना ही चार राज्ये पाहून परतायचे आहे. प्रवासी बसच्या चालकाने एका पाळीत दहा तासांहून अधिक गाडी चालवू नये असा येथील नियम असल्यामुळे रोजचे टप्पे आम्ही बेताचेच ठेवले आहेत.

बसच्या पुढच्या आडव्या पट्टीवर मी या राज्यांचा मोठा कागदी नकाशा लावला आहे. नाशिक जिल्ह्यातील शाळेत नऊ वर्षे भूगोल शिकवल्यामुळे नकाशा समोर असल्याशिवाय मला प्रवास झाल्यासारखे वाटत नाही. वेळ घालवायला म्हणून मी मुलांना राज्यांच्या नावांचे अर्थ विचारले. कोलोरॅडो म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबूस आणि मॉन्टॅना हे नावही स्पॅनिशमधल्या डोंगरावरून आले, हे त्यांना ठाऊक होते. वायोमिंगमधील शायान हे शहर आणि साउथ डकोटा हे राज्य यांची नावे जिवंत लोकसमूहांवरून पडली आहेत, हे काहींनीच सांगितले. वायोमिंग हे नाव मात्र इथले नाहीच, ते पेनसिल्व्हेनियातील एका खोऱ्याचे, पूर्वेकडील लेनापे लोकांच्या भाषेतले, आणि ज्यांनी ते इकडे आणले त्यांना या मैदानांवर राहणाऱ्यांची भाषा विचारावीशी वाटली नाही, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "काकू, मग इथल्या लोकांचे स्वतःचे नाव काय होते?" त्या प्रश्नाने माझ्या प्रवासाची दिशा ठरली, असे आज रात्री वाटते आहे.

१९ जून, कस्टर

सकाळी माउंट रशमोर पाहिला. वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन या चार राष्ट्राध्यक्षांचे सुमारे साठ फूट उंचीचे चेहरे १९२७ ते १९४१ या काळात शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांच्या देखरेखीखाली कोरले गेले. सुमारे चारशे कामगारांनी हे काम केले आणि नव्वद टक्के दगड सुरुंगाने उडवला गेला. दोरखंडाला लोंबकळत, डोळ्यांत धूळ जात असताना त्या कामगारांनी केलेले ते काम मनापासून आदर वाटावा असे आहे, आणि मुलांनीही ते दीर्घकाळ निरखून पाहिले. परंतु पर्वताचे नाव आले ते न्यूयॉर्कच्या एका वकिलावरून, जो १८८० च्या दशकात खाणींच्या हक्काची कागदपत्रे तपासायला आला होता. येथील मूळ रहिवासी असलेल्या लाकोटा लोकांसाठी हा डोंगर 'सहा पूर्वज' आहे आणि भोवतीच्या डोंगररांगेला ते 'पाहा सापा', म्हणजे काळ्या टेकड्या म्हणतात.

या टेकड्या १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने लाकोटांच्याच राहतील असे लेखी वचन दिले गेले होते. १८७४ मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेने येथे सोने सापडल्याची बातमी दिली आणि १८७७ मध्ये सरकारने टेकड्या काढून घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन अन्यायाने घेतल्याचे मान्य करून सुमारे साडेदहा कोटी डॉलरची भरपाई कायम केली. लाकोटा आणि त्यांच्या सहसमूहांनी ती नाकारली, कारण त्यांना पैसे नको आहेत, जमीन हवी आहे. न घेतलेली ती रक्कम व्याजासह आता एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. आम्ही मुक्काम केलेले हे गाव त्याच कस्टरच्या नावाचे आहे, हे रात्री जेवताना एका मुलाने शांतपणे सांगितले आणि क्षणभर कोणीही काही बोलले नाही.

दुपारी क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याचे स्मारक पाहिले. हेन्री स्टँडिंग बेअर या लाकोटा नेत्याच्या विनंतीवरून शिल्पकार कोर्चाक झिओल्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये हे काम सुरू केले. चेहरा १९९८ मध्ये पूर्ण झाला आणि शरीर अजून दगडातच आहे. सरकारी पैसा न घेता हे काम चालले आहे याचे मुलांना कौतुक वाटले. डोंगर फोडून पूर्वजाचा चेहरा कोरणे योग्य नव्हे, असे मानणारे लाकोटाही आहेत, हेही मी त्यांना सांगितले, कारण एका समाजाचे मत एकच असते असे मुलांनी समजू नये.

जवळच्या ब्लॅक एल्क शिखराचे जुने अधिकृत नाव हार्नी होते. १८५५ मध्ये लाकोटांच्या वस्तीवर चालून गेलेल्या आणि बायकामुलांनाही मारणाऱ्या सैन्याचा तो सेनापती; २०१६ मध्ये त्याचे नाव काढून राज्यातील या सर्वोच्च शिखराला लाकोटा धर्मपुरुषाचे नाव दिले गेले. नावे बदलू शकतात, हे पाहून मला बरे वाटले.

२० जून, रॅपिड सिटी

बॅडलँड्स उन्हात करपलेले आणि तरीही फार सुंदर होते. लाकोटा त्याला 'माको शीचा', म्हणजे वाईट जमीन म्हणतात. काळ्या टेकड्यांच्या 'ब्लॅक हिल्स' या नावाप्रमाणे इथेही इंग्रजी नावाने जुन्या नावाचा अर्थ जसाच्या तसा घेतला आहे. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आज संपली.

२१ जून, डेव्हिल्स टॉवरजवळ (वायोमिंग)

आजचा दिवस मला आयुष्यभर आठवेल. सपाट कुरणांतून अचानक उठलेला, पायथ्यापासून ८६७ फूट उंच असा हा दगडी स्तंभ दुरून दिसू लागताच बसमधला गोंगाट आपोआप थांबला. १९०६ मध्ये रूझवेल्ट यांनी जाहीर केलेले हे देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीखाली हळूहळू थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या, बहुतेक सहा किंवा पाच बाजूंच्या स्तंभांसारखे तडे गेले, मग भोवतीचा मऊ गाळाचा खडक झिजून तो उघडा पडला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या बेसॉल्टमध्ये असेच उभे स्तंभ आहेत. तिची उंची दोनशे फुटांच्या आसपास, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, आणि तिच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. सुट्टीत मुंबईला आजीकडे राहणाऱ्या दोन मुलांनी ती टेकडी पाहिली होती, पण इमारतींच्या गर्दीत ती काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते आज मला सांगता आले.

'डेव्हिल्स टॉवर' हे नाव १८७५ च्या लष्करी मोहिमेतील दुभाष्याच्या चुकीतून आल्याचे मानले जाते. लाकोटांसाठी हा 'मातो टिपिला', अस्वलाचे घर. पायवाटेच्या कडेला झाडांवर रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या दिसल्या. त्या प्रार्थना आहेत, त्यांना हात लावू नये आणि त्यांचे छायाचित्र काढू नये, असे उद्यानाच्या रेंजरने सांगितल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या गावी देवळाजवळच्या झाडाला नवसाचे धागे बांधतात तसे." त्यानंतर एकानेही फोन वर केला नाही. जूनमध्ये येथे समारंभ होतात म्हणून या महिन्यात गिर्यारोहकांनी स्वेच्छेने चढाई करू नये, अशी विनंती १९९५ पासून केली जाते. नाव बदलून 'अस्वलाचे घर' करावे, अशी मागणीही झाली आहे आणि तिला विरोधही आहे.

रात्री तंबूंबाहेर बसून मी त्यांना कायोवा लोकांची कथा सांगितली. सात मुली खेळत असताना अस्वल त्यांच्या मागे लागले. त्या एका खडकावर चढल्या आणि त्यांनी खडकालाच वाचवण्याची विनवणी केली, तेव्हा खडक वर वर वाढू लागला. अस्वलाने त्याच्यावर नखांनी ओरखडे ओढले, तेच आजचे उभे चर. आणि मुली आकाशात जाऊन तारे झाल्या. काहींच्या सांगण्यात त्या कृत्तिका आहेत, काहींच्या सांगण्यात आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते तारे. जूनच्या संध्याकाळी कृत्तिका दिसत नाहीत, परंतु सप्तर्षी डोक्यावर उंच होते. आमच्याकडे त्या जागी सात ऋषी आहेत आणि इथे सात मुली, असे मी म्हणताच मुलांनी मान वर करून ते सात तारे पुन्हा एकदा मोजले. मला वाटते, एखाद्या मातीची ओळख होण्यासाठी तिच्या आकाशाची कथा तिथल्या माणसांच्या तोंडची ऐकावी लागते.

मी मात्र अस्वस्थ आहे. शाळेत शिकवताना मी या सर्व लोकांना 'रेड इंडियन' म्हणत असे, कारण आमच्यात तोच शब्द रूढ होता. नऊ वर्षे, प्रत्येक तुकडीला, एकाही समूहाचे त्याचे स्वतःचे नाव न सांगता. माझ्या त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आज आपल्या मुलांना तोच शब्द सांगितला असेल, आणि ते मला फार लागते.

२२ जून, बिलिंग्ज (मॉन्टॅना)

लिटल बिगहॉर्नची रणभूमी. २५ आणि २६ जून १८७६ रोजी लाकोटा, शायान आणि अरापाहो योद्ध्यांनी येथे कस्टरच्या तुकडीचा पराभव केला. सैनिक जिथे पडले तिथे पांढऱ्या संगमरवराच्या शिळा १८९० मध्येच उभ्या राहिल्या. योद्ध्यांसाठी लाल ग्रॅनाइटच्या शिळा लागायला १९९९ साल उजाडले. १९९१ पर्यंत या जागेला अधिकृतपणे कस्टरचेच नाव होते. योद्ध्यांच्या स्मारकात तारेने रेखल्यासारखे घोडेस्वार आहेत. त्यांच्या आकृतीतून पलीकडचे आकाश आणि गवत दिसते. लाकोटा या नदीला 'तेलकट गवत' म्हणतात. ही भूमी आज क्रो लोकांच्या राखीव प्रदेशात आहे, आणि त्या दिवशी काही क्रो माणसे कस्टरच्या बाजूने वाटाडे म्हणून होती. इतिहासाला एकच बाजू नसते, हे मुलांना मी सांगायची गरजच पडली नाही.

२३ आणि २४ जून, यलोस्टोन

१ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेले पहिले राष्ट्रीय उद्यान. ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे कारंजे आम्ही दोनदा पाहिले, रंगीत जिवाणूंनी रंगलेले ग्रँड प्रिझमॅटिक हे उष्ण कुंड पाहिले, आणि बायसनच्या एका कळपासाठी बस पाऊण तास उभी राहिली. येथील एका शिखराला १८७० च्या हत्याकांडात सहभागी असलेल्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव होते; ते २०२२ मध्ये बदलून 'फर्स्ट पीपल्स माउंटन' केले गेले, हे येथील रेंजरने आम्हाला सांगितले.

२५ जून, परतीच्या वाटेवर

वायोमिंगच्या निर्जन पठारावर हरणासारखे प्राँगहॉर्न पळताना दिसत होते आणि बरीच मुले झोपली होती. आज कोणती तारीख आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारी ती मुलगी उठून पुढे आली, पेन्सिल मागून घेतली, आणि नकाशावर मॉन्टॅनातील त्या नदीच्या छापील नावाखाली तिने मराठीत 'तेलकट गवत, २५ जून १८७६' असे लिहिले. त्याच्या खाली आधीच्या दिवसांत इतरांनी लिहिलेली 'पाहा सापा', 'माको शीचा' आणि 'मातो टिपिला' ही नावे होती. तिने हात लांब करून दक्षिणेकडे, डेन्व्हरच्या आसपासचा भाग दाखवला आणि विचारले, "आपल्या घराच्या जमिनीवर कोण राहत होते?" शायान आणि अरापाहो, मी सांगितले, आणि तिने तेही लिहून ठेवले.