ई९० ३२८आय मध्ये एलएस३: इंजिन बसलं, आता गाडीला पटवायचंय

तर मंडळी, इंजिन सुरू झालं. हेडर्सच्या (इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या) पुढे अजून काहीच जोडलेलं नाही, त्यामुळे आवाज असा फुटला की शेजारचे आजोबा गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले आणि हसून मान डोलावून परत गेले. डेट्रॉइटच्या आसपासची वस्ती आहे ही, निम्म्या लोकांची उमर गाड्यांच्या कंपन्यांत गेलेली, त्यामुळे असल्या आवाजाला इथे कोणी पोलिस बोलवत नाही. आधी इंजेक्टर बंद ठेवून नुसतं क्रँक केलं, ऑइल प्रेशर वर आलेलं दिसलं, मग इंजेक्टर जोडले आणि दुसऱ्या क्षणाला पेटलं. थोडा वेळच चालवलं, उघड्या हेडर्सवर जास्त ताणण्यात अर्थ नाही.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी: गाडी आहे २००८ ची बीएमडब्ल्यू ३२८आय, सेडान, मॅन्युअल (ई९० हे या सेडान बॉडीचं कंपनीतलं नाव). आत होतं एन५२, ३ लिटरचं सरळ सहा सिलिंडर, २३० एचपी. त्याच्या जागी जीएमच्या (जनरल मोटर्स) शेव्हरोले कॅमारो एसएसमधून निघालेलं एलएस३, ६.२ लिटर व्ही८, ४२६ एचपी, सोबत त्याचाच टीआर६०६० सहा गिअरचा बॉक्स, वायरिंग आणि ई३८ ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळं एकाच गाडीतलं घेतलं. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जमवून स्वस्तात करता येतं पण मग कुठला सेन्सर कुठल्या सालचा हे शोधत बसावं लागतं, क्रँकच्या रिलक्टर चाकाला (सेन्सर ज्याचे दात मोजतो ते) २४ दात की ५८ यावर अख्खा ईसीएम बदलतो, त्यापेक्षा अख्खा संच घेतलेला परवडला.

एन५२ वाईट होतं का, तर अजिबात नाही. मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचा ब्लॉक, वजन जेमतेम १६१ किलो, रेशमासारखं फिरायचं. काढताना थोडं वाईटच वाटलं. आणि हो, दर वेळी विचारतात तो प्रश्न, सरळ एम३, म्हणजे याच गाडीचं वेगवान मॉडेल, का नाही घेतली. बीएमडब्ल्यूने स्वतःच याच बॉडीत एस६५ व्ही८ घातलं होतं, ४ लिटर, ४१४ एचपी, ८४०० आरपीएमपर्यंत जाणारं, वजन २०२ किलो. अप्रतिम इंजिन आहे, पण टॉर्क ४०० न्यूटन मीटर आणि रॉड बेअरिंग झिजण्याची टांगती तलवार कायम डोक्यावर. एलएस३ चा टॉर्क ५६९. मला रोज ऑफिसला जाताना २००० आरपीएमवर आरामात ढकलणारी गाडी पाहिजे, ८००० वर किंचाळणारी नको. ही आपली आपली आवड, यावर भांडण नको.

नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बाबांना इंजिनचा बे दाखवला तर म्हणाले, "अरे, चालत्या गाडीचं इंजिन काढायला तुला डॉक्टरने सांगितलं होतं का?" आईने खर्च विचारला तेव्हा नेमकं नेटवर्क गेलं.

आता मुद्द्याचं. ६.२ लिटर म्हटल्यावर लोकांना वाटतं केवढं धूड असेल, पण एलएसची गंमतच ही की ते पुशरॉडचं आहे. कॅम एकच आणि तोही ब्लॉकच्या पोटात, हेडवर चार कॅम नि त्यांच्या चेन असला पसारा नाही, त्यामुळे बाहेरून इंजिन अरुंद आणि बुटकं राहतं. बॉनेट कुठेही कापावं लागलं नाही. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंट) बनवायला आधी प्लास्टिकचा डमी ब्लॉक वापरला, तो एका माणसाला उचलता येतो, त्यामुळे पुढे मागे अर्धा अर्धा इंच सरकवून बघता येतं, खरं इंजिन हॉइस्टवर लटकवून हे करायला गेलात तर कंबर जाते. कार्डबोर्डचे टेम्प्लेट कापले, ते जाड प्लेटवर उतरवले, आणि वेल्डिंग माझ्या कोल्हापूरच्या मित्राने केलं. मला टॅक मारता येतात पण फाउंडेशनवर माझा स्वतःचा भरवसा नाही.

चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, हा खरा चिकट भाग. ट्रकमधल्या एलएसचं चेंबर इतकं खोल असतं की ते इथे थेट रस्त्याला लागेल. १९९८ ते २००२ च्या कॅमारोच्या धर्तीचं चेंबर घेतलं, त्याचा खोलगट भाग मागे आणि पुढचा भाग उथळ, त्यामुळे पुढचा क्रॉसमेंबर (फ्रेमचा आडवा तुकडा) त्याखालून निसटतो. चेंबर बदललं की पिकअप ट्यूब (तेल ओढणारी नळी), विंडेज ट्रे, डिपस्टिक सगळं त्याच जोडीचं लागतं हे लक्षात ठेवा. आणि पिकअप ट्यूबच्या तोंडाशी जी छोटी ओ-रिंग असते ती चिमटली तर ऑइल पंप हवा ओढतो आणि प्रेशर कमी दाखवतं. ही रिंग स्वस्तातली स्वस्त वस्तू आहे, नवीनच घाला, तेल लावून सरळ बसवा.

स्टिअरिंगचा शाफ्ट डाव्या बाजूने खाली जातो, आणि ७ नंबर सिलिंडरचा हेडर पाइप नेमका तिथेच येतो. उभ्या गाडीत बोट जाईल एवढी जागा दिसली तरी समाधान मानू नका, जोर दिला की हे इंजिन डावी बाजू वर उचलतं. म्हणून खाली जॅक लावून, इंजिन त्या बाजूने उचलून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. कुठेही घासत नाही. वर हीट स्लीव्ह घातलीय.

मागचा भाग पटकन सांगतो. ३२८ चा डिफरेन्शियल एवढा टॉर्क झेलणार नाही, म्हणून एम३ चा मागचा सबफ्रेम, डिफरेन्शियल नि अॅक्सल असा सेट घातला. यात एक बारकावा आहे, मॅन्युअल एम३ चा रेशो ३.८५ आणि डीसीटीवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) एम३ चा ३.१५. मी मुद्दाम डीसीटीवाला शोधला. एस६५ ला फिरत ठेवायला ३.८५ लागतो, एलएसला त्याची गरजच नाही, टीआर६०६० चा सहावा गिअर ०.५७, म्हणजे हायवेवर ताशी ७० मैलांना इंजिन जेमतेम १७०० आरपीएमवर राहील. लक्झरी सेडान आहे राव, हायवेवर गप्प बसली पाहिजे. प्रॉपेलर शाफ्ट एकसंध करून घेतला, मधलं बेअरिंग गेलं.

पेट्रोलला एन५२ चं प्रेशर ५ बार, एलएसला ४ बार म्हणजे ५८ पीएसआय पुरतं. त्यासाठी जुन्या कॉर्व्हेटचा रेग्युलेटर असलेला फिल्टर लावला, सगळे तोच लावतात, एका डबीत काम होतं. कूलिंगमध्ये एन५२ चा इलेक्ट्रिक वॉटर पंप गेला, एलएसला बेल्टवरचा असतो. फक्त हेडमधून निघणाऱ्या स्टीमच्या बारीक नळ्या बंद करून टाकू नका, काही लोक प्लग मारतात, मग हेडमध्ये वाफेचे बुडबुडे अडकून राहतात. माझ्या त्या वर एक्स्पान्शन टँकला नेल्यात.

इथपर्यंत सगळं लोखंडाचं काम. कापा, जोडा, घासा, दिसतं तरी. पण इंजिन सुरू झाल्यावर आत बसलो तर समोर काय, टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) झिरोवर, डॅशवर एबीएस, डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), ब्रेक असे तिन्ही दिवे, आणि गाडी बिचारी ठामपणे सांगतेय की इंजिनच नाही. एवढं घर हादरतंय नि ही म्हणतेय इंजिन नाही.

कारण ई९० मध्ये मीटरला इंजिनकडून थेट वायर येतच नाही. जुन्या गाडीत कॉइलची एक वायर टॅकोला दिली की झालं. इथे बीएमडब्ल्यूचा इंजिन कॉम्प्युटर पीटी-कॅनवर (कॅन म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी डेटा लाइन) ५०० केबीपीएसने सतत बडबडत असतो, जंक्शन बॉक्स ते ऐकून के-कॅनवर १०० केबीपीएसने पुढे पाठवतो आणि मीटर ते वाचतो. तो कॉम्प्युटर आपण इंजिनबरोबर काढून टाकला. जीएमचा ई३८ सुद्धा ५०० केबीपीएसनेच बोलतो पण स्वतःच्या भाषेत. म्हणून मधे दुभाषा बसवलाय, टीन्सी ४.० नावाचं छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्यात तीन कॅन कंट्रोलर येतात, प्रत्येकाला एक ट्रान्सीव्हर चिप लावायची. एक बाजू जीएमला, एक बाजू बीएमडब्ल्यूच्या पीटी-कॅनला.

आरपीएमचं उदाहरण देतो म्हणजे कळेल. जीएम आरपीएम पाठवतो ०सी९ या आयडीवर, बीएमडब्ल्यूला ते पाहिजे ०एए वर. दोघंही आरपीएमला चारने गुणून दोन बाइटमध्ये भरतात, इथपर्यंत सख्खे भाऊ. पण जीएम मोठा बाइट आधी ठेवतो आणि बीएमडब्ल्यू लहान बाइट आधी. ८०० आरपीएम म्हणजे ३२००, हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या अंकांत) ०सी८०. जीएमकडून येतं ०सी मग ८०, मीटरला द्यायचं ८० मग ०सी. न उलटवता तसंच पुढे ढकललं तर त्याचा अर्थ होतो ८००सी, म्हणजे गाडी आयडलला उभी नि मीटर वाचणार ८१९५. त्या निरोपात पहिला बाइट चेकसमचा (निरोप बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा) आणि दुसऱ्यात प्रत्येक वेळी एकने वाढणारा काउंटर, तोही चालता ठेवायला लागतो, नाहीतर डीएससीसारखे शहाणे मॉड्यूल ओळखतात की हे कोणीतरी रेकॉर्ड वाजवतंय.

काटा पहिल्यांदा उठला आणि आयडलला ८०० च्या जवळ येऊन थोडासा थरथरला तेव्हा मी इग्निशन बंद करून परत चालू केलं, फक्त परत बघायला. कबूल करतो, एवढा आनंद इंजिन पेटलं तेव्हाही झाला नव्हता.

कूलंटचं तापमान १डी० वर जातं, खऱ्या आकड्यात ४८ मिळवून, जीएम मात्र ४० मिळवतो. म्हणजे जीएमचा बाइट घ्या, ८ वाढवा, पुढे द्या. आता ३२८ च्या मीटरमध्ये तापमानाचा काटाच नाहीये, त्या जागी मायलेजचा काटा दिलाय (त्याचं या इंजिनबरोबर काय होणार यावर आम्ही मित्रांनी भरपूर हसून घेतलं), पण मीटरच्या लपलेल्या टेस्ट मेनूत ७ नंबरला केटीएमपी म्हणून आकडा दिसतो. स्कॅनरवर ई३८ जे दाखवतो तेच तिथे आलं की समजायचं पाठवलेलं बरोबर पोचतंय.

एक्सलरेटरचं पेडल जीएमचंच ठेवलंय. बीएमडब्ल्यूचं पेडल ई३८ ला समजावण्यात वेळ घालवण्यापेक्षा पेडलला ब्रॅकेट करणं सोपं, आणि थ्रॉटलच्या बाबतीत जुगाड नको, ब्रेकइतकंच गंभीर प्रकरण आहे ते. जीएमचं चोरीविरोधी लॉक ईसीएमच्या ट्यूनमध्ये बंद केलं.

कायद्याबद्दल परत परत विचारतात म्हणून. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नाही, एमिशन टेस्टही नाही, त्यामुळे कोणी दारात येत नाही, तरी मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि चारही ऑक्सिजन सेन्सर लावणार आहे. धुराचा वास येणारी गाडी मलाच नको. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी मात्र आधी सरकारी रेफरीचे नियम वाचावेत, इंजिन गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं लागतं आणि त्याचं सगळं एमिशनचं सामान सोबत. आणि पुण्याहून ज्यांनी विचारलंय त्यांना, भावांनो, तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. हे तिकडे रस्त्यावर आणायचा नाद करू नका.

उरलंय काय, तर बरंच. एक्झॉस्ट अजून पूर्ण बनवायचाय, आणि तो शांत पाहिजे, मागे मोठे सायलेन्सर दोन, मधे एक. रेडिएटरचा पंखा बीएमडब्ल्यूचाच ठेवलाय, तो पीडब्ल्यूएम (झपाझप चालू-बंद होणाऱ्या) सिग्नलवर चालतो, तो सिग्नल टीन्सीकडून द्यायचा कोड लिहिलाय पण गरम इंजिनवर तपासलेला नाही. डीएससीला टॉर्कचे आकडे ०ए८ वर पाहिजेत, तिथे नुसती भाषांतराची गोष्ट नाही, ई३८ जो टॉर्क सांगतो तो एलएसचा आणि डीएससीची अपेक्षा २७१ न्यूटन मीटरच्या इंजिनाची, त्याला खरे आकडे दिले तर तो गडबडेल की मुकाट घेईल हे बघायचंय. एम३ चं डीएससी मॉड्यूल घालून कोडिंग करणं हा दुसरा रस्ता, सबफ्रेम तसाही तिचाच आहे, आणि माझा कल तिकडेच आहे.

सगळ्यात मोठी डोकेदुखी एसी. एलएसचा कॉम्प्रेसर मूळ जागी, खाली उजवीकडे ठेवला तर फ्रेमला भिडतो. वर चढवायचे ब्रॅकेट मिळतात पण मग स्ट्रट टॉवरपाशी (सस्पेन्शन वर जिथे बसतं तिथे) होजला वळायला जागा राहत नाही. ई९० मध्ये कोणी कॉम्प्रेसर वर बसवला असेल तर होज कुठून वळवला त्याचा फोटो टाका. जुलैच्या आत हे झालं नाही तर घरातलं दुसरं कोणी या गाडीत बसणार नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलंय.