रे वर अडलेला पाळणा

भाचीच्या बारशाला गायचा म्हणून पाळणा बांधायला घेतला. बारसं उरकलं, भाची पालथी पडायला लागली, तेव्हा कुठे त्याला कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बसल्या. सगळा घोळ एका रे ने घातला.

चाल भूप रागातली, पट्टी पांढरी एक (म्हणजे सा हाच सी), ताल दादरा. सा रे ग प ध एवढाच ऐवज. मुखडा अर्ध्या तासात झाला: सा-ग-प ला सी मेजर, ध वर रेंगाळतो तिथे ध-सा-ग चा ए मायनर. (ए मायनर फार वेळ धरू नका. कान ध लाच सा मानायला लागतो आणि भूपाचा धानी राग होतो.) पण अंतऱ्याची पहिली ओळ ध प ग करत रे वर उतरते आणि चांगल्या सहा मात्रा तिथेच थांबते. भूपाच्या सुरांत अख्ख्या बसणाऱ्या साध्या कॉर्ड दोनच, सी मेजर आणि ए मायनर. दोन्हीत रे नाही!

गिटारवाला मित्र म्हणाला, "जी लाव की. एवढं डोकं काय लावतोस?" लावला. जी म्हणजे प नि रे. आई आतून भाजी चिरता चिरता ओरडली, "हा नि कुठून आला रे मध्येच?" डी मायनर लावला, तर रे म ध. नि गेला, म आला. सी मेजर तसाच ठेवला, तर सा आणि ग च्या मध्ये रे चेंगरला. तीन आठवडे हेच. एकदा वैतागून ओळच ग वर संपवली. कॉर्ड झक्क बसली, पण ओळ मेली. मुकाट्याने परत रे वर आणली.

तानपुऱ्याचं अ‍ॅप मात्र बंद ठेवून शोधा. खाली सा चालू असला की जीमधला नि दुप्पट टोचतो, हे मला फार उशिरा कळलं. (बंद केल्यावरही आईला तो ऐकू आलाच.)

शेवटी पेटीवर एकेक बोट उचलून पाहिलं. नि वरचं उचललं, प आणि रे उरले. टोचणं थांबलं, पण पोकळ वाटलं. तेच बोट शेजारच्या ध वर सरकवलं. प ध रे. कीबोर्डवाले याला जी सस टू म्हणतात. पुढची ओळ सा वर आली की सी मेजर आपोआप उघडतो.

हो, पहिल्या दिवशी मी प्रत्येक सुराला कॉर्ड देत होतो, पाळण्याची कवायत झाली होती. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, एक बदल पुरतो.

काल पूर्ण वाजवला. आतून नुसता सुरीचा आवाज येत राहिला.