नको असलेलं कार्ड: ठेवावं की बंद करावं?

एफडी पुढे चालू करायला शाखेत गेले, तेव्हा टेबलापलीकडच्या मुलाने 'लाइफटाइम फ्री आहे मॅडम' म्हणत क्रेडिट कार्डाचा अर्ज भरून घेतला. कार्ड मालवणजवळ देवबागला घरी आलं. सोबतच्या पत्रकात बारीक अक्षरात वेगळंच होतं: पहिलं वर्ष मोफत, पुढे वार्षिक फी 999 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,178 रुपये 82 पैसे. वर्षाला लाखभर खर्च केला तर फी माफ. लाखाचा खर्च आमच्या घरात होतो हो, पण तो कार्डावर होण्यातला नाही.

बंदच करणार होते, पण पुतण्याने अडवलं. तो मुंबईला नोकरीत, हिशोबाला पक्का. "काकी, जुन्या कार्डाचं लिमिट 60 हजार, त्यातले महिन्याला 15 हजार तू वापरतेस. झाले 25 टक्के. नव्याचं लिमिट दीड लाख. दोन्ही मिळून धरलं तर वापर 7 टक्क्यांवर येतो. कर्ज देताना बँका बघतात त्या सिबिलच्या रिपोर्टात ते चांगलं दिसतं." पुढच्या वर्षी होमस्टेची वरची खोली बांधायला कर्ज काढायचं आहे, त्यामुळे हे डोक्यात बसलं. शेजारच्या मावशींचं मत तर ठरलेलंच, "ठेव गो, अडीनडीक उपयोगी पडात." अडीनडीला कार्ड म्हणजे थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. त्यापेक्षा बांगडी गहाण ठेवलेली परवडली.

मग पत्रक घेऊन बसले. विमानतळावर लाउंज मोफत. आम्ही मुंबईला जातो ते कुडाळला तुतारी नाहीतर कोकणकन्या पकडून. पेट्रोलचा सरचार्ज माफ, पण एका वेळी 400 रुपयांच्या वर भरलं तर. आमच्या स्कूटरला 200 चं पुरतं. कार्ड रूपेचं असल्यामुळे यूपीआयला जोडता येणार होतं, हे मात्र कामाचं वाटलं, कारण हल्ली बाजारात सगळीकडे क्यूआर. पण मालवणच्या बाजारात मी जिच्याकडून सुरमई घेते, तिच्या टोपलीला अडकवलेला क्यूआर तिच्या मुलाच्या साध्या खात्याचा आहे. क्रेडिट कार्डावरचं यूपीआय व्यापाऱ्याच्या क्यूआरवर चालतं, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. नारळवाला, कोकमवाली, रिक्षावाला, सगळ्यांचं तेच. किराणा दुकानात चाललं असतं, पण तिथे आमची वही आहे आणि ती मोडायची माझी इच्छा नाही.

राहता राहिला सिबिलचा प्रश्न. पुतण्याचं गणित चूक नव्हतं. पण 30 टक्क्यांच्या आत वापर असला की ठीक मानतात, आणि माझा आत्ताच आत आहे. बिल तयार व्हायच्या आधी थोडी रक्कम भरून टाकली की बिलावरचा आकडा अजून उतरतो, त्याला दुसरं कार्ड कशाला? जुनं कार्ड 2013 चं, ते चालूच राहणार. अर्जाच्या वेळी बँकेने सिबिलकडे केलेली चौकशी रिपोर्टात चढलेली असणार, ती नवं कार्ड ठेवलं तरी तिथेच आणि बंद केलं तरी तिथेच. थोडक्यात, फी भरून विकत घ्यावं असं काही उरलं नाही.

कार्ड मी ॲक्टिव्हेट केलेलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या निर्देशांप्रमाणे 30 दिवसांहून जास्त काळ ॲक्टिव्हेट न झालेल्या कार्डासाठी बँकेने ओटीपीने संमती मागायची, आणि ती मिळाली नाही तर 7 कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क खातं बंद करायचं. गप्प बसूनही काम झालं असतं. पण रोज फोन, 'मॅडम, वेलकम पॉइंट्ससाठी फक्त ओटीपी सांगा.' तो ओटीपी सांगितला की संमती दिल्यासारखीच, आणि मी घरी नसताना फोन सासूबाईंनी उचलला तर? म्हणून स्वतःच बंद करायला लावलं.

आमच्याकडे रेंज गच्चीवर. तिथून हेल्पलाइनला फोन लावला. बाई गोड बोलत होत्या. आधी म्हणाल्या, दुसऱ्या वर्षाची फी माफ करू. म्हटलं, ईमेलवर लिहून पाठवा. ते जमणार नव्हतं. मग म्हणाल्या, फॉर्म भरून पोस्टाने पाठवा. पोस्टाचा आग्रह धरता येत नाही, हेही त्याच निर्देशांत आहे. तसं सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ संगीत वाजलं आणि तक्रार क्रमांक मिळाला. तोच क्रमांक घालून लगेच ईमेलही टाकला. बाकी काही देणं नसेल तर 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, एवढं वाक्य त्यात मुद्दाम लिहिलं.

मुदतीत मेसेज आला, मागून बंद झाल्याचं पत्र ईमेलवर. मग कार्ड चिपवरून आडवं कापलं. ॲक्टिव्हेट न झालेल्या कार्डाची माहिती सिबिलकडे पाठवायची नसते. वर्षातून एकदा मिळणारा मोफत रिपोर्ट पाऊस सरला की काढणार आहे. त्यात हे कार्ड दिसलं तर पत्र जोडून दुरुस्ती मागेन. चौकशीची नोंद दिसेल, ती दिसू दे.