गन्स एन रोझेस, महालक्ष्मी रेसकोर्स: संपल्यावर हाजी अलीकडे जाऊ नका

आधी कामाचं सांगतो, बाकीचं वाचा नाहीतर सोडा. रेसकोर्सवर कुठलाही कॉन्सर्ट असू दे, संपल्यावर हाजी अलीच्या बाजूला वळायचं नाही. कितीही शहाण्या माणसाने सांगितलं तरी नाही. उलट्या दिशेला, महालक्ष्मी स्टेशनकडे तोंड करायचं आणि चालायला लागायचं. मला हे आमच्या मेहुण्याने बरोब्बर उलटं सांगितलं होतं, तो मुंबईत वीस वर्षं राहतो म्हणून मी ऐकलं, आणि त्याची किंमत सातशे रुपये, दोन तास आणि उजवा गुडघा. आज सोमवार, ऑफिसला दांडी मारून पाय बादलीत ठेवून हे टाइप करतोय, तर भाषा जरा कडक वाटली तर समजून घ्या.

शनिवार १७ मे २०२५, गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा शो. पुण्याहून मी आणि भाची (बावीस वर्षांची, गिटार शिकते, तिचा देव बँडचा गिटारवाला स्लॅश, माझा गायक ॲक्सल, त्यावरून गाडीत भांडण झालं). प्रगतीने सकाळी निघालो, दादरला उतरलो, जेवलो, एका मित्राकडे पंख्याखाली लोळलो. हा भाग छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दादरला वेस्टर्नला येऊन महालक्ष्मीचं रिटर्न तिकीट काढलं, जायचे पाच आणि यायचे पाच, माणशी दहा रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

महालक्ष्मीला फक्त स्लो गाड्या थांबतात, दादरहून प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, तिसरं स्टेशन. फास्टमध्ये चढलात तर थेट मुंबई सेंट्रल. पुलावर आलात की धोबीघाट बघत फोटो काढणारे फॉरेनर दिसतील, तिथून रेसकोर्स चालत. मेट्रो तेव्हा, मे २०२५ मध्ये, नुकतीच वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली होती, तिथून रेसकोर्स लांब पडत होतं, म्हणून आम्ही तिच्या नादी लागलो नाही. आणि उपनगरवाल्यांना आणि पुण्यावाल्यांना आठवण, या भागात रिक्षा नसते. रिक्षा बांद्रा-सायनच्या अलीकडे येतच नाही. माझ्या भाचीला हे माहीत नव्हतं, ती रात्री अकराला रिक्षा शोधत होती.

आत शिरल्यावर चालणं आहे. रेसकोर्स म्हणजे दोनशेच्या वर एकरांचा कारभार, नकाशावर गेट दिसतं इथे आणि स्टेज असतं कुठल्या कुठे. तिकिटावर कुठलं गेट लिहिलंय ते घरीच बघा, चुकीच्या गेटला गेलात तर वळसा घालता घालता अर्धा जीव तिथेच जातो. सावली शून्य. मे महिन्यातली मुंबई, चार वाजताचं ऊन, दमट हवा, टीशर्ट अंगाला चिकटून बसलेला, आणि आम्ही उभ्याच्या तिकिटात. काळा टीशर्ट घालू नका असं सांगायला हवं, पण सगळे घालणार, मी पण घातला होता, १९९९ साली एफसी रोडला घेतलेला, आता पोटावर ताणून बसतो. बूट मात्र जुने, चालून मऊ झालेले घाला. माझ्या शेजारी एकजण कोरे लेदर बूट घालून आलेला, साडेसहाला त्याने ते काढून हातात घेतले. आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा, संध्याकाळी एकदम ढोसून काही होत नाही.

आता गाण्याबद्दल, ज्यासाठी गेलो होतो.

हे लोक याआधी २०१२ च्या डिसेंबरात भारतात आले होते, पण तेव्हा स्लॅश नव्हता, बेस वाजवणारा डफ नव्हता, नाव तेच आणि माणसं दुसरी. मी तेव्हा मुद्दाम गेलो नाही. ते दोघं परत आले २०१६ मध्ये, आणि तेव्हापासून मी वाट बघतोय. नऊ वर्षं. त्याआधी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला त्यांचे १९९१ चे 'युज युवर इल्यूजन'चे दोन्ही अल्बम कॅसेटवर होते, एक पिवळी-लाल, एक निळी, दुसरीची टेप माझ्या रूममेटच्या टेपरेकॉर्डरने खाल्ली आणि आम्ही पेन्सिलने गुंडाळून परत वाजवली, तेव्हापासून एका गाण्यात मधेच आवाज बुडाल्यासारखा यायचा. आजही ते गाणं ऐकलं की त्या जागी माझा कान आपोआप बुडतो.

अंधार पडला, लाइट गेले, आणि 'वेलकम टू द जंगल'चा तो पहिला गिटार आला तेव्हा माझ्या पुढचे एक काका, साठीचे तरी असतील, पांढरी दाढी, हे दोन्ही हात वर करून नुसते उभे राहिले, नाचले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते उभे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ओळख ना पाळख. त्यांनी वळून पण बघितलं नाही, फक्त माझ्या हातावर थोपटलं.

आवाजाचं खरं खरं सांगतो कारण इंटरनेटवर दोन टोकांचं वाचून गेलो होतो, एक म्हणतात संपला, एक म्हणतात अजून तसाच. दोन्ही थापा. ॲक्सल रोज २०२५ च्या फेब्रुवारीत ६३ वर्षांचा झाला. खालच्या पट्टीत आवाज जाड, खरखरीत, जिथे तो नुसता बोलल्यासारखा गातो तिथे अंगावर काटा येतो. वर चढला की आवाज बारीक होतो, पातळ, कधीकधी पोहोचतो आणि कधी नाही. जिथे पोहोचत नाही तिथे लोक गातात. आणि गंमत म्हणजे त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे आलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात त्याचा १९८७ चा, पहिल्या अल्बममधला आवाज चालूच असतो, समोरचा माणूस फक्त सुरुवात करून देतो. रेकॉर्डसारखं ऐकायचं असेल तर घरी हेडफोन लावून बसा, ते जास्त चांगलं ऐकू येईल आणि गुडघा पण शाबूत राहील. तो पळतो मात्र अजून. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी घरात दोन जिने चढलो की थांबतो.

स्लॅशबद्दल भाचीने लिहावं. हॅट, चेहऱ्यावर केस, मान खाली, आणि 'स्वीट चाइल्ड'ची सुरुवात त्याने वाजवली तेव्हा ही पोरगी रडत होती, आणि मी विचारलं काय झालं तर म्हणाली मामा गप्प बस.

'नोव्हेंबर रेन'ला ॲक्सल पियानोवर बसला. रेकॉर्डवर हे गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, आणि त्या नऊ मिनिटांत मला घामाचं, पायाचं, दिवसभराचं काहीही जाणवलं नाही. आजूबाजूला मोबाइलच्या टॉर्च लागलेल्या, मे महिन्याच्या घामात हजारो माणसं नोव्हेंबरच्या पावसाचं गाणं म्हणतायत. माझ्या उजवीकडे एक पोरगा लाल बंडाना बांधून, अठराएकोणीसचा, त्याला शब्द न शब्द पाठ. मी विचारलं तुला कसं माहीत, तर म्हणाला बाबा गाडीत लावायचे, आणि मग जरा थांबून म्हणाला, आता नाहीयेत. त्याच्यानंतरचा सोलो आम्ही दोघांनी मिळून हवेत वाजवला, वाईट वाजवला.

एक विनंती, सगळा शो मोबाइलवर शूट करू नका. पुढच्याचा हात दोन तास वर असला की मागच्याला स्लॅशच्या जागी स्लॅशचा छोटा व्हिडिओ दिसतो. एक गाणं घ्या, बास करा.

शेवटचं गाणं 'पॅराडाइज सिटी'. गर्दी टाळायला त्याच्या आधी निघायचा सल्ला तुम्हाला लोक देतील. असं करणाऱ्यांनी मुळात येऊच नये. शेवटी जेव्हा ते गाणं एकदम पळायला लागतं तेव्हा सगळा मैदानभर धुरळा उडतो आणि तो धुरळा खायलाच आलेलो असतो आपण.

हं, तर आता बाहेर पडणं.

उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे, त्यामुळे दहाच्या सुमाराला सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येते. हे आधीच माहीत असलेली गोष्ट आहे, अचानक कोसळलेलं संकट नव्हे, म्हणजे आपण तयारीने जाऊ शकतो. मी तयारीने गेलो होतो, फक्त तयारी मेहुण्याची होती. तो म्हणाला, "दाजी, ट्रेनचा विचारही करू नका, महालक्ष्मीच्या पुलावर चेंगराल, हाजी अलीला या, तिथे टॅक्सीच टॅक्सी." तो राहतो मुलुंडला, मुक्काम तिथेच.

हाजी अलीला टॅक्सी होत्या. खोटं नाही बोलला. सगळ्या उभ्या होत्या, दिवे बंद करून, ड्रायव्हर बाहेर टेकून, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. दादर आठशे. दादर हजार. मुलुंड म्हणाल्यावर एकजण नुसता हसला, दुसरा म्हणाला अडीच हजार. मीटर म्हटलं तर चेहरे असे की मी त्यांची किडनी मागितली. तेव्हा, फेब्रुवारी २०२५ पासून, काळीपिवळीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू व्हायचं, दीड किलोमीटरला, पुढे किलोमीटरला वीस-एकवीस रुपये. दादर तिथून पाचेक किलोमीटर. म्हणजे शंभर-सव्वाशेचं भाडं. आठपट! मोबाइलवरची कॅब तीन वेळा बुक केली, तिन्ही वेळा ड्रायव्हरने फोन करून विचारलं कुठे जायचंय, मग कॅन्सल. चौथ्यांदा तर पाच मिनिटांवर दाखवत असलेली गाडी वीस मिनिटं एकाच जागी उभी होती.

मग आम्ही चालत निघालो, वरळीच्या दिशेने, पुढे टॅक्सी मिळेल म्हणून. पुढेही तेच भाव, वर रस्ता जाम. सव्वाअकराला भाची फुटपाथवर बसली. मी हार मानली आणि सातशेला एकजण तयार झाला, उपकार केल्यासारखा, आणि त्याने दादरपर्यंत मला मुंबईत आता पूर्वीसारखी माणुसकी राहिली नाही हे ऐकवलं. दादरहून सेंट्रलची स्लो मिळाली, मुलुंडला पोहोचलो तेव्हा एक वाजायला आलेला.

आता ऐका. आमच्यासोबत आलेला एक मित्र, डोंबिवलीचा, गेटवरच आम्हाला टाटा करून महालक्ष्मीकडे गेला होता. पुलावर गर्दी होती, मान्य, पण चालती गर्दी. तो स्टेशनात शिरलाच नाही, सरळ सात रस्ता, तिथून आर्थर रोडने चिंचपोकळी, आणि सेंट्रलच्या स्लोमध्ये बसला. बसला म्हणतोय मी, सीटवर. मी फुटपाथवर उभा राहून कॅन्सल झालेल्या कॅबचं तोंड बघत होतो तेव्हा त्याचा मेसेज आला, ठाणे गेलं म्हणून. आणि हीच गाडी मुलुंडला थांबते. माझ्या मेहुण्याच्या घरापासून स्टेशन सात मिनिटं.

तर सेंट्रलवाल्यांनी चिंचपोकळी किंवा भायखळा, चालत, दुसरा विचार नको. वेस्टर्नवाल्यांनी महालक्ष्मी, आणि विरारकडचा प्लॅटफॉर्म फुल्ल असेल तर उलटी चर्चगेटची स्लो पकडून पुढच्याच स्टेशनला मुंबई सेंट्रलला उतरा, तिथे फास्ट मिळते. त्यासाठी त्या उलट्या प्रवासाचंही तिकीट ठेवा, टीसीशी वाद घालायचे पाय तेव्हा राहिलेले नसतात. रिटर्न सकाळीच काढून ठेवा. वेस्टर्नच्या शेवटच्या गाड्या चर्चगेटहून एकच्या आसपास निघतात, म्हणजे दहाला सुटलेल्या माणसाला घाई करायचं काही कारणच नाही, वाटेत उभं राहून पाणी प्या, चहा प्या, गर्दी पातळ होऊ द्या, मग जा. गाडी घेऊन तर येऊच नका, आमच्या शेजारचे दोघं ठाण्याहून गाडीने आले होते आणि शो सुरू असताना सुद्धा पार्किंगचंच बोलत होते.

मेहुण्याला रविवारी सकाळी पोह्यावर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अहो पण तुम्ही वरळीकडे कशाला गेलात, पेडर रोडकडे जायचं होतं." मी पोहे खाल्ले. संध्याकाळी डेक्कन क्वीनने परत, भाची कर्जतपर्यंत झोपली, घाट लागल्यावर उठून म्हणाली मामा परत आले तर परत जायचं का, आणि मी हो म्हणालो.

आत्ता बायकोने जीन्स धुवायला टाकायच्या आधी खिसे तपासले. दादर-महालक्ष्मीची दोन रिटर्न तिकिटं निघाली, परतीचा प्रवास न वापरलेला, प्रत्येकी पाच रुपयांचा.