नदीला लाथा मारायचं काम

घड्याळ लावून तीन मिनिटं नदीच्या तळाला लाथा मारायच्या, हे काम इंग्लंडमध्ये बरीच शहाणी माणसं महिन्यातून एकदा फुकट करतात. त्यातलीच मी एक. मावशीला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "पैसे कोण देतं?" आणि दुसरा, "मग मासे तरी मिळतात का गं?"

मिळतात ते किडे, आणि त्यांच्यावरूनच नदीची तब्येत कळते. गमबूट घालून केनेट नदीत उतरायचं, पायाने गोटे ढवळायचे आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची. मग सगळा ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा. आधी नुसता गाळ दिसतो. जरा थांबलं की तो गाळच चालायला लागतो. वाळूचे कण रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिसची अळी, कुशीवर पोहणारे झिंगे, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं. ही मेफ्लाय पाण्याखाली वर्ष-दोन वर्षं काढते आणि पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेही उपाशी, कारण खाण्याजोगं तोंडच तिला उरलेलं नसतं.

ही पद्धत रुजवली गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी. माशांचं खाणं शाबूत आहे ना, एवढाच त्यांचा स्वार्थ. स्वार्थातून निघालेली कामं टिकतात, असं माझं मत. किड्यांचे आठ गट मोजायचे. दहाच्या आत, शंभराच्या आत, हजाराच्या आत, इतका अंदाज पुरतो. त्यावरून नदीला गुण द्यायचे आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेले की पर्यावरण खात्याला कळवायचं. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचंच सांगतं. किडे मात्र महिनोन् महिने तिथेच राहतात, रात्री कोणी गुपचूप सोडलेलंही भोगतात.

जुलै 2013 मध्ये केनेटकाठच्या मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला स्वयंसेवकांना नदीतले झिंगे आणि किडे नाहीसे झालेले आढळले. पाणी नेहमीसारखं नितळ होतं, पुलावरून बघणाऱ्याला शंकाही आली नसती. सुमारे 15 किलोमीटर हीच गत. कारण, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेलं क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक. आपल्याकडे वाळवीला मारतात ना, तेच! कृषी सेवा केंद्राच्या फळीवर त्याच्या बाटल्या असतात, आणि फवारणी झाल्यावर पंप कोणत्या ओढ्यात धुतात ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

पुढच्या सुट्टीत ट्रे गावी नेणार आहे. जाळी नसली तर चाळण चालेल. अडचण एकच: इथले आठ गट आमच्या ओढ्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथले कोणते मोजायचे, ते आधी कोणा जाणत्याला विचारावं लागेल.