मुंबई सिटीचं पहिलं घर नेरुळला

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचं पहिलं घर, म्हणजे घरचं मैदान, मुंबईत नव्हतंच. ते आपल्या नवी मुंबईत, नेरुळला होतं. 18 ऑक्टोबर 2014 रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी पुणे सिटीला 5-0 असं लोळवलं. आंद्रे मोरित्झची त्या सामन्यातली हॅटट्रिक इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) पहिली. 2016मध्ये क्लब अंधेरीला गेला.

नेरुळचं मैदान मुळात क्रिकेटचं. फुटबॉलला साधारण 105 बाय 68 मीटर हिरवळ लागते, आणि मधोमध आडवी येते 22 यार्डांची खेळपट्टी. रोलरने दाबलेल्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, गवताची मुळं धरत नाहीत. वर नुसती तयार हिरवळ अंथरली, तर सांध्यात बुटाचे स्टड अडकतात, चेंडू कसाही उडतो. आधी माती उकरून वाळूमिश्रित थर भरायला हवा. त्याला वेळ लागतो, आणि क्रिकेटवाले तो देतील तर ना!