द्रोण झाला, टोपली होईना

दर संक्रांतीला आमच्या सोसायटीत प्लास्टिकच्या डब्या फिरतात. माझी डबी हिच्याकडे, हिची गाळणी तिच्याकडे, आणि दोन वर्षांपूर्वी तर माझीच डबी मला वाण म्हणून परत मिळाली. झाकणावरच्या चऱ्यावरून ओळखली. त्या रागात २०२४ च्या नोव्हेंबरात मी घरात जाहीर केलं, की या वेळी मी क्रोशाच्या छोट्या टोपल्या लुटणार. दांडीची टोपली, आत मूठभर तिळगूळ आणि वर चार दाणे हलव्याचे. एकवीस नग.

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून फक्त "एकवीस?" एवढंच विचारलं.

तोवर मी आयुष्यात क्रोशाचा एकच रुमाल केला होता. तोही सातवीत, कार्यानुभवाच्या तासासाठी, आणि त्यातला निम्मा आईने.

आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून काढला. आत सहा सुया निघाल्या, सगळ्या पोलादी आणि बारीक. माझ्या रुखवतातलं तोरण तिने यातल्याच एकीवर केलं होतं. बारीक दोऱ्याच्या नाजूक जाळीला त्या ठीक, टोपलीला नाही. शिवाय पोलादी सुयांचा आकडा उलटा चालतो, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ॲल्युमिनियमच्या जाड सुयांवर सरळ मिलीमीटर लिहिलेले असतात. हे मला दुकानात जाईपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून मी बोहरी आळीत "दहा नंबरची जाड सुई द्या" असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं. दुकानदाराने टाचणीपेक्षा थोडी जाड अशी वस्तू समोर ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, करायचं काय आहे ते सांगा."

साडेतीन मिलीमीटरची सुई घेतली. दोऱ्यात मात्र दोनदा चुकले. पहिल्यांदा ॲक्रिलिक लोकर आणली, कारण रंग सुंदर होते. ॲक्रिलिक मऊ पडतं आणि खळही नीट पीत नाही, त्यामुळे टोपली उभी राहण्याऐवजी बसकण मारते. दुसऱ्यांदा सुती दोरा आणला, पण काळा. संक्रांत म्हणजे काळा, इतका साधा विचार. रात्री साडेनऊनंतर, ट्यूबलाइटखाली, काळ्या दोऱ्यात टाके मोजून बघा एकदा! सुई कुठल्या भोकात घालतोय तेच कळत नाही, बोटाने चाचपत जायचं. दोन रात्रींनी तो गुंडा डब्यात टाकला आणि हळदीचा पिवळा आणला. काठाला कुंकवाचा लाल. तोही सुती, आणि दोन पदर एकत्र धरून, म्हणजे वीण घट्ट येते.

आता खरी गोष्ट. इंटरनेटवरून एक इंग्रजी नमुना उतरवून घेतला होता. सुरुवातीला सहा टाके, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे बारा, मग अठरा, चोवीस, असे दर फेरीला सहा वाढवत जायचे. टाक्याचं नाव लिहिलं होतं डबल क्रोशे. मी जे व्हिडिओ बघत होते त्यात डबल क्रोशे म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला खांब. म्हणून मी खांब घालत गेले. तिसऱ्या फेरीला कडा थोड्या उचलल्या. वाटलं, हात घट्ट आहे, सैल होईल. पाचव्या फेरीला तळ राहिलाच नव्हता, हातात एक खोलगट वाडगा होता. उसवला, पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हट्टाने प्रत्येक फेरीत मनानेच जास्त टाके घातले, तर कडेला झालर आली, तळलेल्या फेणीसारखी.

शेवटी साताऱ्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "अगं, हा द्रोण झालाय. यात आमटी वाढ."

"मावशी, पण मी नमुन्याप्रमाणेच केलंय. दर फेरीला सहा."

"सहा मुक्या खांबाला. तू खांब घालतेयस. खांबाला बारा लागतात."

मुका खांब! आईच्या तोंडचा हा शब्द मी वीस-पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. सुईवर वेढा न घेता, फक्त टाक्यातून दोरा काढून दोन्ही फास एकदम ओवायचे, तो बुटका टाका म्हणजे मुका खांब. नंतर शोधलं तेव्हा घोळ कळला. इंग्लंडात ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल म्हणजे इंग्लंडचा ट्रेबल. नमुना इंग्लंडमधल्या बाईचा, व्हिडिओ अमेरिकेतले, आणि मधल्या मध्ये माझ्या तीन रात्री गेल्या. आई-मावशीच्या भाषेत हा गोंधळ होऊच शकत नाही. साखळी म्हणजे साखळी, खांब म्हणजे खांब. नमुना हातात आला की आधी तो कुठल्या देशाचा ते बघायचं, हे मी आता डब्याच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवलंय.

सहाच का, हे मात्र मावशीला सांगता येईना. "आम्ही घालतो सहा." उत्तर माझ्या दहावीतल्या मुलीने अभ्यास टाळण्यासाठी दिलं. "आई, दोन पाय आर. तुझी त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढणार ना?" मुका खांब जितका उंच साधारण तितकाच रुंद असतो, म्हणून दर फेरीला सहा. खांब जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून बारा. कमी घातले तर परीघ पुरत नाही आणि तळ आत ओढला जाऊन द्रोण होतो. जास्त घातले तर परीघ उतू जातो आणि झालर येते. माझ्या तिन्ही अपयशांचा हिशेब एका ओळीत लागला. गणिताचा पेपर मात्र तिला जेमतेम गेला, ते असो.

सुरुवातीच्या वेटोळ्यानेही छळलं. दोऱ्याचा फास करून त्यात सहा टाके घालायचे आणि शेपूट ओढून भोक बंद करायचं, अशी नवी पद्धत आहे. दिसते छान. माझा फास दर वेळी दुसऱ्या फेरीत सुटायचा. मावशीची पद्धत जुनी आहे. दोन साखळ्या घालायच्या आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहाही मुके खांब घालायचे. मध्ये बारीक भोक राहतं, पण ते टोपलीच्या तळाला कोण बघायला जातंय? (बघणारं माणूस होतं, पण ते पुढे.)

मग तळ सरळ येऊ लागला. आठ फेऱ्या, शेवटच्या फेरीत अठ्ठेचाळीस टाके, साडेतीन इंचांचा गोल. गोल म्हणजे आधी षटकोनच आला होता. दर फेरीला वाढवायचे टाके एकाखाली एक आले की सहा कोपरे दिसायला लागतात. वाढ थोडी पुढेमागे सरकवली की कोपरे विरतात. फेरीचा पहिला टाका ओळखायला मी सेफ्टी पिन लावत होते. ती लावली नाही तर काय होतं ते मी एकदा अनुभवलं. चकलीसारख्या फिरत जाणाऱ्या विणीत फेरी कुठे संपली तेच कळत नाही. त्यात मी टाके मोजत असताना कुकर लावलेला. सत्तावीस, अठ्ठावीस, शिट्टी, एकोणतीस, शिट्टी. शेवटी डाळ कच्ची आणि तळाला एकावन्न टाके.

भिंत उभी करायची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत आवडली. वाढ थांबवायची, आणि भिंतीच्या पहिल्या फेरीत प्रत्येक टाक्याच्या माथ्यावरच्या दोन कड्यांपैकी फक्त मागची उचलायची. पुढची कडी तशीच राहते, तिची एक रेघ उमटते, आणि वीण त्या रेघेवर घडी घातल्यासारखी काटकोनात वळते. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या हातातल्या वस्तूला टोपलीचा आकार दिसला. पुढे दोन्ही कड्यांतून नऊ फेऱ्या, न वाढवता, न घटवता. हे काम इतकं सरळ आहे की टीव्हीवर मालिका चालू असतानाही होतं.

काठाला लाल शिंपले घातले. दोन टाके सोडायचे, तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून पुढच्यात स्लिप स्टिच, म्हणजे दोरा सरळ ओढून घेतलेला, उंची नसलेला टाका. एका शिंपल्याला सहा टाके, अठ्ठेचाळीसला आठ शिंपले, बरोब्बर. दांडी चार टाके रुंद आणि चाळीस ओळी लांब. ती पहिल्या टोपलीला मी नजरेने लावली आणि ती मान वाकडी केल्यासारखी दिसू लागली. दांडीचे चार टाके, मग वीस मोकळे, पुन्हा चार, पुन्हा वीस, असं मोजूनच शिवायचं. आत एक बारीक तार ओवली, नाहीतर दांडी दमलेल्या माणसासारखी खाली येते.

एवढं करूनही टोपली मऊच. उचलली की पोट काढायची. मावशीने दोन उपाय सांगितले. तिच्या लहानपणी साखरेचा घट्ट पाक लावत, क्रोशाच्या वाट्या त्यात काचेसारख्या कडक व्हायच्या. मी हौसेने तोच आधी केला. कडक झाली, चकाकलीही. सकाळी उठून बघते तर माझ्या आधी मुंग्यांनी वाण लुटलेलं. दुसरा उपाय साबुदाण्याच्या खळीचा, आई सुती साड्यांना करायची तोच. मूठभर साबुदाणा भिजवून भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळून घ्यायचा, कोमट असताना टोपली त्यात बुडवून हलकी पिळायची. मग तिच्या मापाच्या स्टीलच्या डब्याला बाहेरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यावर टोपली चढवायची आणि उन्हात ठेवायची. पिशवी विसरलात तर टोपली आणि डबा यांचा संसार सुरू होतो. पुण्याच्या जानेवारीच्या उन्हात दुपारपर्यंत वाळते. फेविकॉल पाण्यात कालवून लावणारेही बरेच आहेत, जास्त टिकतं म्हणतात. पण मला त्याची प्लास्टिकसारखी चकाकी नको होती, आणि प्लास्टिकपासून पळण्यासाठीच तर हा खटाटोप.

पहिली टोपली पुरी व्हायला उसवण्यासकट सोळा दिवस लागले होते. दुसरीला चार संध्याकाळी, पुढे हात बसल्यावर एकीला तीन तास. तळाचे दोनशे सोळा टाके, भिंतीचे चारशे ऐंशी, दांडीचे एकशे साठ, वर शिंपले. नऊशेच्या घरात जातात. ऑफिस, डबे आणि मुलीची पूर्वपरीक्षा सांभाळून एकवीस टोपल्या म्हणजे शुद्ध थाप होती. २०२५ ची संक्रांत १४ जानेवारीला आली, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. हळदीकुंकू मी ढकलत ढकलत २ फेब्रुवारीच्या रविवारी नेलं. तोपर्यंत आठ झाल्या.

सात टोपल्या जवळच्या सात जणींना दिल्या आणि बाकीच्यांना, सांगायला लाज वाटते, चहाच्या गाळण्या. स्टीलच्या, पण गाळण्याच. कुणी कुरकुरलं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी टोपली हातात फिरवत म्हणाल्या, "छान आहे हो. प्रदर्शनात साठ रुपयांना मिळते अशी." मी हसले, हलवा पुढे केला, आणि रात्रभर तो साठचा आकडा डोक्यात फिरत राहिला. लोकरीचं विणकाम मशीनवर होतं, क्रोशासारखी दिसणारी लेसही मशीनवर निघते, पण खरा क्रोशा अजून हातानेच करावा लागतो. म्हणजे त्या साठ रुपयांत दुकानदाराचा नफा, दोरा, आणि कुठल्या तरी बाईचे दोन-तीन तास. तिचा हात माझ्यापेक्षा जलद असेल, दीड तास धरू. आंध्रात नरसापूरच्या आसपास घराघरांतून बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस करतात आणि ती देशोदेशी जाते. त्यांच्या पदरात किती पडतं याचा विचार मी आधी कधीच केला नव्हता. आता प्रदर्शनात क्रोशाची वस्तू दिसली की भाव करायला माझं तोंडच उघडत नाही. नवरा म्हणतो, महागात पडलं हे तुझं शिक्षण.

आठवी टोपली, म्हणजे खरं तर सगळ्यांत पहिली, मावशीची. काका गेल्यापासून ती हळदीकुंकवाला येत नाही. कितीही बोलावलं तरी "बघू गं" म्हणते, आणि ते बघू म्हणजे नाही, हे दोघींना माहीत असतं. रथसप्तमीनंतरच्या शनिवारी मीच साताऱ्याला गेले. टोपलीत तिळाच्या वड्या भरल्या होत्या. तिने वड्या ताटलीत काढल्या, चष्मा लावला आणि टोपली सरळ उलटी केली. मधलं भोक बघितलं. मग बोटाचं नख एकेका टाक्यावर ठेवत फेऱ्या मोजू लागली. मी चहा करायला आत गेले, तरी तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"पाचव्या फेरीत एक टाका जास्त आहे गं," ती बाहेरून म्हणाली.

"उसवू का?"

"राहू दे आता, खळ बसलीये."

मी चहा घेऊन आले तेव्हा टोपली खिडकीत, रेडिओशेजारी होती, आणि तिच्यात मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं उभी करून ठेवलेली होती.